शहीद द्वीप कसे पाहावे

अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचे नील बेट, पाहायचे तर तेथे किमान एक रात्र मुक्काम करावा. सकाळच्या बोटीने येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या हाती फक्त धावपळ लागते. पोहोचताच ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, कारण लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील नैसर्गिक खडक-कमानीपर्यंत ओहोटीतच नीट जाता येते आणि ती वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. वाट खडबडीत, निसरड्या प्रवाळखडकांवरून जाते, म्हणून घट्ट पकडीची पादत्राणे घालावीत. वाटेतल्या डबक्यांपाशी थांबून वाकून पाहावे: काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ सागरी जीव), इवलेसे खेकडे आणि खडकाच्या फटीत शिरणारे रंगीत मासे हातभर अंतरावर दिसतात. त्यांना हात मात्र लावू नये. प्रवाळाचा तुकडा सोबत नेणे तर गुन्हाच आहे.

स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचे जग पाहण्यासाठी, भरतपूरचा किनारा चांगला. अंदमानात सूर्य पाचच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे सीतापूरचा सूर्योदय गाठायचा असेल तर अंधारातच निघावे. सूर्यास्त लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावरून पाहावा. बेट लहान आणि बरेचसे सपाट असल्याने भाड्याची सायकल पुरेशी ठरते, आणि वाटेतले भाजीचे मळे व केळीच्या बागाही तिच्यावरूनच निवांत पाहता येतात.