जुनी जिप्सी ओढ्यात घालण्याआधी

आधी गाडी कुठली ते पक्कं करा. एमजी ४१० असेल तर ९७० सीसी, कार्ब्युरेटर आणि चार गिअर. १९९६ नंतरची जिप्सी किंग १२९८ सीसी, पाच गिअरची. २००० पासून तीच एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), ८० बीएचपी. हे न सांगता पार्ट मागितला तर भलताच हातात पडतो.

स्टेपनी, जॅक, टूलकिट घ्या. कूलंट, बॅटरी, वायपर बघा.

आता ब्रीदर, म्हणजे हवा आतबाहेर जाऊ देणारं छोटं तोंड. दोन्ही अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगवर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) एकेक असतो. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, म्हणजे पाण्यात सगळ्यात आधी डिफरन्शियलच (अ‍ॅक्सलवरचा, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) बुडतं. हायवेवर तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नाहीतर ऑइल सीलमधून, पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात, आणि बाहेरून काही कळत नाही. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर उलटं होतं: गरम हवा सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि मागचे ब्रेक शू तेलात माखतात. म्हणून ब्रीदर काढा, डिझेलने धुवा, त्यातून फुंकर आरपार जाते का बघा. मग ब्रीदरला इंधनासाठी वापरतात तसली रबरी नळी बसवून पुढची बॉनेटखाली फायरवॉलवर उंच न्या, मागची टेललाइटच्या उंचीवर. नळीत ढील ठेवा. पाटे सुटले की अ‍ॅक्सल बराच खाली जातो, ताणलेली नळी निसटते आणि सगळी मेहनत वाया जाते. तोंड खाली वळवा, क्लिप लावा. झिपटाय आवळून नळी चेपू नका.

ऑइल बदलताना आधी फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतो का बघा, मगच ड्रेन प्लगला (ऑइल सोडायचं बूच) हात लावा. उलटं केलंत आणि फिलर जाम निघाला, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन गाडी जागेवरच उभी. डिफरन्शियलला जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल, गिअरबॉक्सला जीएल-४. गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी आहेत, त्यांना जीएल-५ नको. प्लग उघडाच आहे तर ब्रीदरच्या नळीत फुंकून हवा आत पोचते का तेही बघा. हो, पुन्हा.

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस द्या. पाट्यांचे यू-बोल्ट आवळा. पुढची चाकं उचलून हलवा. किंगपिन बेअरिंगला (पुढचं चाक ज्यावर वळतं ते) खेळ असेल तर वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं. ४-एच (हाय रेंजमधली फोर-व्हील ड्राइव्ह) कोरड्या डांबरावर लावू नका, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, वळताना सगळा ताण शाफ्टवर येतो.

चिखलात टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, परत भरायला पंप घ्या. ओढायला रेटेड शॅकल (किती भार पेलते ते कोरलेली लोखंडी कडी). टो-बॉलला दोर अजिबात नको, बॉल तुटला की गोळीसारखा सुटतो.

निघण्याच्या सकाळी ब्रीदरच्या नळ्या हाताने ओढून बघा. सगळी टोकं. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चालवा, ड्रम वाळतात. घरी आलात की फिलर प्लग उघडा, आत बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.