सालीचा काढा घेताय? या चुका टाळा

नरक चतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडायचं आणि सातविणीच्या सालीचा कडू रस घोटभर घ्यायचा, ही रीत गोव्यात आणि सिंधुदुर्गात अजून टिकून आहे. वर्षातून एकदा, एक घोट. त्यात वावगं काही नाही. घोळ होतो तो साल आणताना. ते काम शेजारच्या पोरावर सोपवलं जातं आणि त्याला सातवीण कुठली आणि काजरा कुठला हे सांगायचं राहून जातं.

काजरा म्हणजे कुचला. जांभ्या दगडाच्या उतारांवर तो हवा तेवढा सापडतो. ‘विष बियांत असतं, सालीत नाही’ असं ठासून सांगणारे भेटतात. ते चूक आहे. काजऱ्याच्या सालीतही स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन असतं. शिवाय दोन्ही साली कडू, त्यामुळे ‘कडू लागली म्हणजे खरी’ ही कसोटी इथे कुचकामी. मुळात ओळख पटवायला साल जिभेवर ठेवायचीच नाही.

झाड ओळखायचं ते पानांवरून. सातविणीच्या एकाच पेरावर चार ते सात पानं छत्रीच्या काड्यांसारखी गोल लागलेली असतात आणि पान खुडलं की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं दोन-दोन, समोरासमोर, चकचकीत. बुडापासून निघालेल्या तीन ते पाच शिरा ठळक दिसतात आणि चीक येत नाही. नुसत्या चिकावर जाऊ नका, चीक कुड्यालाही असतो. दोन्ही खुणा जुळल्या तरच कोयतीला हात घालायचा. पहाटेच्या अंधारात बॅटरी धरून साल काढायची घाई कशाला? आदल्या दिवशी उजेडात झाड बघून खूण करून ठेवा.

ही गफलत आपल्याकडचीच आहे असं नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात अंगोस्तुरा नावाची दक्षिण अमेरिकेतली साल तापावर देत. त्या मालात काजऱ्याची साल मिसळून गेली आणि लोकांना विषबाधा झाली. ही ‘खोटी अंगोस्तुरा’ कुठल्या झाडाची, हेच बराच काळ कुणाला उमगेना. 1819 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून एक विषारी द्रव्य वेगळं केलं. साल ब्रुसिया नावाच्या झाडाची आहे अशा समजुतीने त्याला ब्रुसीन म्हटलं. झाड निघालं काजरा, नाव मात्र चुकीचंच चिकटून राहिलं. जाणत्यांची ही गत, तर साल सोलून तुकडे झाल्यावर ती आपण नजरेने ओळखू ही आशा सोडा.

काढा घेतल्यावर अर्ध्या तासात मान किंवा जबडा आखडू लागला, आवाजाने किंवा स्पर्शाने अंगाला झटके येऊ लागले, तर ओकारी काढायच्या फंदात पडू नका. त्यानेच झटका येऊ शकतो. माणसाला शांत, अंधाऱ्या जागी ठेवा, 108 ला फोन करा आणि उरलेली साल सोबत न्या.

दुसरी खोड म्हणजे पावडर विकत घेणं. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट करडी, पापुद्रे सुटणारी. तिच्याच गोतातल्या माटाची, म्हणजे ऐनाची, काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अख्ख्या सालीत हा फरक लहान मूलही दाखवील. दळल्यावर दोन्ही लालसर भुकटीच. अशोकाचं तेच: औषधी तो सीता अशोक, रस्त्याकडेचा उंच सरळसोट आसुपालव नव्हे. कुडा घ्यायचा तो पांढरा, काळा नाही. तेव्हा साल अख्खी घ्या आणि घरी कुटा, तीही भरड. मैद्यासारखी दळलेली साल तळाशी लागून करपते.

काढ्याचं माप अंदाजपंचे नको. साल कठीण, म्हणून पाणी सोळापट आणि आटवून आठवा हिस्सा: 20 ग्रॅम भरड, 320 मिली पाणी, उरायला हवं 40 मिली. मंद आच, झाकण उघडं. आच मोठी करून दहा मिनिटांत उरकलं तर पाणी आटतं, पण सालीतला कस उतरत नाही. भांडं मातीचं किंवा स्टीलचं. लोखंडाच्या कढईत सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काढा शाईसारखा काळा होतो, आणि लोक त्यालाच ‘छान दाट झाला’ म्हणतात! सकाळचा काढा संध्याकाळपर्यंत संपवा, उरला तर ओता.

याच टॅनिनमुळे लोहाची गोळी आणि काढा एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्या. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर अर्जुन आधी डॉक्टरांना विचारून. गरोदरपणी या साली स्वतःच्या मनाने नकोतच.

कॅप्सूलवाल्यांचा हिशेब वेगळाच चुकतो. डबीवर ‘अर्क 500 मिग्रॅ, 10:1’ असेल तर एका कॅप्सूलमागे 5 ग्रॅम साल लागली आहे. ती घेऊन वर काढाही पिणारे दुहेरी मात्रा घेतात, आणि पोट बिघडलं की दोष सालीला. 10:1 सारखं प्रमाणच छापलेलं नसेल तर डबी परत ठेवा.

दालचिनी ही सालच, आणि तिच्यात सर्वांत जास्त फसगत. जाड, कडक, एकाच वळणाची ती कॅशिया; पातळ, विडीसारखी थरांवर थर गुंडाळलेली ती खरी. कॅशियात कुमारिन बरंच असतं, सरासरी ग्रॅममागे 3 मिग्रॅ. युरोपात रोजची मर्यादा धरतात किलो वजनामागे 0.1 मिग्रॅ. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2 ग्रॅम कॅशियातच ती गाठली जाते, आणि रोज चमचाभर मधातून खाणारा यकृतावर भार टाकत राहतो. खरी दालचिनीही उकळत ठेवू नका. तिचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून गरम पाण्यात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा.

आणि भाटातल्या, म्हणजे आपल्या बागायतीतल्या, झाडाची साल काढणार असाल तर बुंध्याभोवती गोल कडं काढू नका, झाड वाळतं. फांदीची घ्या, उभी पट्टी, एकाच बाजूची. सावलीत वाळवा आणि पावसाळा लागण्याआधी बरणीबंद करा. आपल्याकडच्या आषाढात उघडी साल आठवड्यात बुरसते आणि बुरसलेली पुसून वापरता येत नाही.