ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉल आणि पेशीपटल: प्रयोगात या चुका टाळा

तुमच्या कोलेस्टेरॉलच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख आहे का? नसेल तर आधी ती बाटली तपासा, प्रयोगाचं नंतर बघू. ऑक्सिस्टेरॉलवर, म्हणजे ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉलवर, काम करणाऱ्या नवख्यांचं सगळं लक्ष महागड्या ऑक्सिस्टेरॉलच्या इवल्याशा व्हायलकडे असतं. शेजारचं साधं कोलेस्टेरॉल शुद्धच असणार, असं ते धरून चालतात. बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

कोलेस्टेरॉलच्या पाचव्या-सहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. त्याला लागून असलेल्या सातव्या कार्बनवर हवेतला ऑक्सिजन सहज हल्ला करतो. आधी हायड्रोपेरॉक्साइड, मग 7-कीटोकोलेस्टेरॉल आणि 7-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल तयार होतात. उजेड आणि उष्णता असेल तर हे आणखी वेगाने होतं. मूळ कोलेस्टेरॉल पटलात बऱ्यापैकी उभं राहतं: हायड्रॉक्सिल पाण्याच्या बाजूला, ताठ कडी लिपिडच्या, म्हणजे पटल बनवणाऱ्या स्निग्ध रेणूंच्या, शेपट्यांमध्ये. म्हणून पटल घट्ट होतं आणि कमी गळतं. कड्यांवर दुसरा ऑक्सिजन आला की तोही पाण्याकडे ओढ घेतो, रेणू कलतो आणि रचनेतला घट्टपणा कमी होतो.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याने पीओपीसी या लिपिडच्या लायपोसोममध्ये (पटलाच्या पोकळ फुग्यांत) कॅल्सीन हा चमकणारा रंग भरून गळती मोजली होती. एका संचात कोलेस्टेरॉल, दुसऱ्यात 7-कीटोकोलेस्टेरॉल. दोन्ही संच जवळपास सारखेच गळत होते. "सर, 7-कीटोचा काही परिणामच होत नाही," असं म्हणत तो आलेख घेऊन आला. मसुदाही लिहायला घेतला होता. मी त्याला फक्त कोलेस्टेरॉलच्या स्टॉकची टीएलसी (मिश्रणातले घटक प्लेटवर वेगळे करून दाखवणारी चाचणी) करायला सांगितलं. प्लेटवर सल्फ्युरिक आम्ल फवारल्याबरोबर, तापवायच्या आधीच, मुख्य डागाच्या खाली एक निळा डाग उठला. तो 7-हायड्रॉक्सीचा. त्याच्या आजूबाजूला आणखीही डाग होते. बाटली खिडकीजवळच्या फळीवर, झाकण सैल, कितीतरी जणांनी वापरलेली. कंट्रोलच, म्हणजे तुलनेचा साधा कोलेस्टेरॉलचा संचच, ऑक्सिडाइज्ड होता! नवीन कोलेस्टेरॉल घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा दोन संचांमधला फरक स्पष्ट दिसला.

माझी सवय सांगतो. नवीन बाटली आली की लगेच छोट्या काचेच्या व्हायलमध्ये वाटून टाकायची, वर आर्गॉन सोडायचा, अंधारात उणे 20 अंशांवर ठेवायची. प्रत्येक प्रयोगमालिकेआधी टीएलसी. जोडीला अल्कोहोलमधल्या द्रावणाचा 238 नॅनोमीटरच्या आसपासचं यूव्ही शोषण पाहतो. तिथे 7-कीटो जोरात शोषतं, शुद्ध कोलेस्टेरॉल जवळजवळ नाही. याला फार वेळ लागत नाही. "टीएलसी नंतर करू" म्हणणाऱ्यांना मी व्हेसिकल (लिपिडचे पोकळ फुगे) बनवू देत नाही.

दुसरी चूक सूक्ष्मदर्शकाखालची. डीओपीसी हे असंतृप्त लिपिड, एखादं संतृप्त लिपिड आणि कोलेस्टेरॉलचे मोठे व्हेसिकल बनवायचे, फ्लुओरोसंट रंग घालायचा आणि दिवा पूर्ण जोरात ठेवून छान चित्र मिळेपर्यंत एकाच व्हेसिकलकडे बघत बसायचं. थोड्या वेळात सुंदर गोल डोमेन (पटलातले वेगळ्या रचनेचे पट्टे) दिसतात आणि सगळे खूश होतात. हे डोमेन दिव्यानेच घडवलेले असू शकतात. प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रंगामुळे असंतृप्त लिपिडवर पेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांनी डोमेन मोठे होतात, हे अयुयान आणि कोहेन यांनी 2006 मध्येच दाखवलंय. इलेक्ट्रोफॉर्मेशनमधल्या, म्हणजे विजेने व्हेसिकल बनवतानाच्या, विद्युत-रासायनिक अभिक्रियांनीही तेच होतं, हेसुद्धा त्याच कामात आहे. ऑक्सिडेशनचाच परिणाम अभ्यासताना आपणच ऑक्सिडेशन करत बसायचं, याला काय अर्थ? फोकस मंद उजेडात करा. ज्या व्हेसिकलवर अजून प्रकाश पडलेला नाही त्याचं पहिलं छायाचित्र मोजा आणि पुढे सरका. रंग शक्य तितका कमी घाला. एक संच विजेशिवाय, नुसता फुगवून केलेला, तुलनेला ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या टिपने उचलू नका, काचेची सिरिंज वापरा. फ्रीझरमधली व्हायल गार असताना उघडू नका. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तिच्यात क्षणात दव धरतं. नमुन्यांचं सॅपोनिफिकेशन (अल्कलीने एस्टर तोडणं) गरम, तीव्र अल्कलीत केलंत तर 7-कीटो मोडतं आणि आकडे कमी येतात. ते थंडच करा, वेळ लागला तरी. लॉरडॅन या पटलात घालायच्या फ्लुओरोसंट रंगाचा आकडा पटलातल्या पाण्यालाही प्रतिसाद देतो, म्हणून एवढ्यावरच 'पटल सैल झालं' असं लिहू नका. सायक्लोडेक्स्ट्रिनने (स्टेरॉल पोटात धरून वाहणाऱ्या साखरेच्या कड्यांनी) पेशींना ऑक्सिस्टेरॉल देत असाल तर ते पेशीतलं कोलेस्टेरॉल काढूनही घेतं, तेव्हा रिकाम्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा कंट्रोल हवाच.

सगळ्या ऑक्सिस्टेरॉलना एका माळेत ओवणं मात्र मला अजिबात सहन होत नाही. 25-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलचा जादा ऑक्सिजन शेपटीच्या टोकाला असतो. ते पटलात आडवं-तिरकं बसू शकतं, पटल पसरवतं आणि एका पटलातून दुसऱ्यात कोलेस्टेरॉलपेक्षा कितीतरी वेगाने जातं. त्याचा निष्कर्ष 7-कीटोला लावता येत नाही. शिवाय ते पेशीत इन्सिगसारख्या (कोलेस्टेरॉलचं उत्पादन आवरणाऱ्या) प्रथिनांनाही चिकटतं, त्यामुळे पेशीत दिसलेला प्रत्येक बदल पटलाच्या भौतिकीवर ढकलू नका. आरशातल्या प्रतिमेसारखं एनॅन्शिओमर मिळालं तर वापरा: पटलावर ते जवळपास सारखंच वागतं, पण बहुतेक प्रथिनांच्या खाचेत तितकं नीट बसत नाही. ते महाग आहे आणि सहज मिळत नाही. मिळालं नाही, तर लेखात 'पटलामुळे' हा शब्द लिहू नका.