मिमिक्यू कसा खेळावा: एका फुकटच्या पाळीचा हिशेब

मिमिक्यू २०१६ साली पोकेमॉनच्या ‘सन’ आणि ‘मून’ या गेमांमध्ये पहिल्यांदा आला. पिकाचूसारखं दिसणारं फडकं पांघरलेलं भूत, घोस्ट आणि फेअरी अशा दोन टाइपचं (टाइप म्हणजे जात; कुठला मार किती लागतो ते तिच्यावर ठरतं). गोंडस म्हणून पुष्कळ जण टीममध्ये घेतात, दोन-चार लढती हरतात आणि परत बॉक्समध्ये टाकून देतात. मूळ आकडे पाहिले तर त्यांचंही काही चुकत नाही. अटॅक ९०, स्पीड ९६ आणि एचपी (जीव) अवघा ५५. असल्या आकड्यांचे पोकेमॉन पैशाला पासरी मिळतील.

त्याची खरी किंमत आहे ‘डिसगाइझ’ या ॲबिलिटीत (अंगभूत शक्तीत). समोरच्याचा पहिला फटका फडकं झेलतं, म्हणजे त्याची एक पाळी वाया जाते आणि तुमची फुकटात पडते. त्या पाळीत काय करायचं हे मिमिक्यूला मैदानात उतरवण्याआधीच ठरलेलं हवं.

खालचं सगळं ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मधल्या रँक सिंगल्ससाठी (एकास एक लढतींसाठी) आहे. तिथे सहा पोकेमॉन दाखवून त्यातले तीन खेळवायचे असतात आणि सगळे लेव्हल ५०चे धरले जातात. स्विच नसेल तर ब्राउझरमध्ये पोकेमॉन शोडाउनवर हे फुकट करून बघता येतं.

१. फडकं काय अडवतं ते नीट समजून घ्या

इजा करणारी कुठलीही मूव्ह (चाल) लागली की फडक्याची मान मोडते. मूव्ह जोरदार असो की फुसकी, हिशेब तोच. यू-टर्नसारखी बग टाइपची मूव्ह मिमिक्यूला एरवी चतुर्थांशच लागते, पण फडकं तीही फाडते. २०१९च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’पासून फडकं मोडताना एकूण एचपीचा आठवा हिस्साही जातो. त्याआधी तेवढंही जात नसे, ती चैन संपली. लढतीत फडकं एकदाच मिळतं. शाबूत असताना मिमिक्यूला मागे घेतलंत तर ते शाबूतच राहतं, मोडल्यावर मात्र आत-बाहेर करून परत येत नाही.

विल-ओ-विस्प (भाजणारी), थंडर वेव्ह (लकवा आणणारी) यांना फडकं अडवत नाही. स्टेल्थ रॉकचे दगड आणि वाळूचं वादळही लागतंच, पण त्यांनी फडकं मोडत नाही. मोल्ड ब्रेकर ॲबिलिटीवाले फडक्याला जुमानतच नाहीत. एका मूव्हमध्ये अनेक फटके मारणाऱ्यांचा पहिला फटका फडक्यावर जातो, उरलेले अंगावर. उर्शिफूची सर्जिंग स्ट्राइक्स तीन फटक्यांची आहे, त्यामुळे तिच्यापुढे फुकटची पाळी जवळजवळ मिळतच नाही.

२. नेचर आणि ईव्ही

ईव्ही म्हणजे आकडे वाढवणारे सरावाचे गुण: अटॅक २५२, स्पीड २५२, उरलेले ४ एचपीत. वाद आहे तो नेचरचा (स्वभावाचा): अटॅक वाढवणारा ॲडमंट की स्पीड वाढवणारा जॉली? माझं मत जॉली. ॲडमंट घेतलात तर स्पीड १४८ होतो आणि पूर्ण वेगाचा टिमिड (हाही स्पीड वाढवणारा नेचर) घोल्डेंगो असतो १४९वर. एका आकड्यासाठी तो आधी शॅडो बॉल मारणार, आणि घोस्टचा मार मिमिक्यूला दुप्पट लागतो. जॉलीने स्पीड १६२ होतो. स्पीड वाढवणारा स्कार्फ घेतलेला घोल्डेंगो तरीही पुढे जाईल, त्याला इलाज नाही.

३. मूव्ह आणि आयटम

स्वोर्ड्स डान्स (अटॅक दुप्पट करणारा नाच), प्ले रफ (फेअरीची), शॅडो स्नीक (घोस्टची) या तीन ठरलेल्या. प्ले रफ दहात एकदा हुकते आणि नेमकी नको तेव्हा हुकते, पण फेअरीची तेवढ्या ताकदीची दुसरी मूव्ह मिमिक्यूकडे नाही. चौथी जागा टीम बघून भरा. किंगॅम्बिटचा त्रास होत असेल तर ड्रेन पंच घ्या, त्याला चौपट लागतो. तसं नसेल तर शॅडो क्लॉ.

आयटम (सोबत द्यायची वस्तू) म्हणून मार वाढवणारं लाइफ ऑर्ब. दरवेळी थोडा एचपी जातो म्हणून लोक ते टाळतात. त्यांच्यासाठी एक हिशेब: जॉली मिमिक्यूने एकदा स्वोर्ड्स डान्स केला आणि मग शॅडो स्नीक मारली, तर एचपी किंवा डिफेन्समध्ये ईव्ही नसलेल्या ड्रॅगापल्टचं क्रिटिकल न लागता जास्तीत जास्त १६२चं नुकसान होतं. त्याचा एचपी आहे १६३! लाइफ ऑर्ब असेल तर कमीत कमी नुकसानच १७४. ड्रॅगापल्टचा स्पीड २१३पर्यंत जातो, पण शॅडो स्नीक प्राधान्याची मूव्ह असल्याने आधी तीच लागते.

फोकस सॅश (एका फटक्यात पडू न देणारी पट्टी) देऊ नका. सॅश चालायला एचपी पूर्ण लागतो आणि फडकं मोडताना आठवा हिस्सा गेलेला असतो. दोन जीव मिळतील या आशेने सॅश देणारे रोज दिसतात.

४. समोरची टीम बघून ठरवा

सहा चेहरे दिसले की आधी टिंकाटन शोधा. तिच्याकडे मोल्ड ब्रेकर असू शकते, आणि स्टीलची गिगॅटन हॅमर १६० ताकदीची. ती दिसली तर मिमिक्यूला बाकावर बसवा. डोंडोझो किंवा स्केलेडर्ज अनअवेअरवाले (समोरच्याचे वाढलेले आकडे न मोजणारी ॲबिलिटी) निघाले तर तुमच्या स्वोर्ड्स डान्सला काही अर्थ राहत नाही. स्केलेडर्जला घोस्टची मूव्ह दुप्पट लागते हे खरं, पण विल-ओ-विस्पने तुमचा अटॅक निम्मा करून तो मोकळा होतो.

५. कधी उतरवायचं

सगळ्यात जास्त डाव इथेच हातचे जातात. आपला पोकेमॉन मार खातोय म्हणून त्याला मागे घेऊन मिमिक्यू पुढे केला, तर येता येताच फडकं मोडतं आणि हाती काहीच लागत नाही. उतरवायचे चांगले मार्ग दोनच. पहिला सरळ आहे: आपला एक पोकेमॉन पडला की त्याच्या जागी मिमिक्यू आणा. दुसऱ्याला अंदाज लागतो. नॉर्मल, फायटिंग आणि ड्रॅगन या तिन्ही टाइपच्या मूव्ह मिमिक्यूला लागतच नाहीत, फडक्यालाही नाही. म्हणून ड्रॅगोनाइट एक्स्ट्रीम स्पीड मारणार, ग्रेट टस्क क्लोज कॉम्बॅट मारणार असा वास आला की बदली करा.

ड्रॅगोनाइटचंच घ्या. त्याची एक्स्ट्रीम स्पीड फुकट गेली, फडकं शाबूत आणि समोर ड्रॅगोनाइट. आता त्याच्यापुढे दोन वाटा: मागे हटायचं किंवा अर्थक्वेकने फडकं मोडायचं. दोन्ही वेळी तुमचा स्वोर्ड्स डान्स होऊन जातो. या क्षणी प्ले रफचा मोह फार होतो, कारण ती त्याला दुप्पट लागते. पण पूर्ण एचपीवर मल्टीस्केल ही त्याची ॲबिलिटी त्याला लागणारा मार निम्मा करते, आणि तो मागे हटला तर तुमची फुकटची पाळी स्टीलवाल्या कुणावर तरी वाया जाते. आधी नाच, मग मार.

६. नाच झाल्यानंतर

दुसरा स्वोर्ड्स डान्स जवळजवळ कधीच करू नका. फडकं गेलं की उरतो तो नाजूक मिमिक्यू, तेव्हा लगेच वसुलीला लागा. समोरचा तुमच्यापेक्षा वेगवान आणि अर्धमेला असेल तर शॅडो स्नीक, हळू असेल तर प्ले रफ. शॅडो स्नीक नॉर्मल टाइपला लागत नाही, आणि सायकिक टेरेन अंथरलेलं असेल तर जमिनीवरच्या कुणालाच लागत नाही.

टेरासाठी (लढतीत एकदा टाइप बदलण्यासाठी) घोस्ट घ्या. शॅडो स्नीकचा मार वाढतो आणि स्टीलची भीतीही जाते. बदल्यात डार्कचा मार दुप्पट लागायला लागतो आणि ड्रॅगनच्या मूव्हही लागतात, त्यामुळे समोर किंगॅम्बिट उभा असताना हा खेळ नको.

डबल्समध्ये

इथे दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन एकदम खेळतात, त्यामुळे काम वेगळं आहे. फुकटची पाळी ट्रिक रूमवर (हळू असलेल्याला आधी खेळू देणारी मूव्ह) खर्च करायची. समोरच्याची पाळी हुकवणारी फेक आउट नॉर्मल टाइपची असल्याने इन्सिनरोअरला मिमिक्यू अडवता येत नाही, हा मोठा फायदा. टॉन्टची (इजा न करणाऱ्या मूव्ह बंद पाडणारी मूव्ह) भीती असेल तर मेंटल हर्ब द्या. ट्रिक रूम पाळीच्या शेवटी लागू होते आणि तोवर दोघे जण मिमिक्यूवर तुटून पडू शकतात. फडकं त्यातला एकच फटका खातं, म्हणून शेजारी रेज पावडरवाला (मार स्वतःकडे ओढणारा) अमूंगस ठेवा. तो हळू असल्याने ट्रिक रूममध्ये त्याचंही फावतं. खुद्द मिमिक्यूचा ९६ स्पीड मात्र ट्रिक रूममध्ये आड येतो. त्यासाठी स्पीड कमी करणारा ब्रेव्ह नेचर, स्पीडमध्ये ईव्ही शून्य आणि शक्यतो आयव्हीही (जन्मजात गुण) शून्य हवा. बॉटल कॅपने आयव्ही वाढतो, कमी होत नाही, तेव्हा असा मिमिक्यू ब्रीडिंग करून मिळवा किंवा पकडतानाच तपासून घ्या.