शोआधी गिटारच्या तारा बदलताना
बीटल्सचा रोडी, म्हणजे दौऱ्यावर वाद्यं-सामान सांभाळणारा, मॅल इव्हान्स मूळचा टेलिफोन इंजिनिअर. हात स्थिर असला की बाकीचं शिकता येतं.

तारा साउंडचेकआधीच बदला. ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा आधार) तरंगता, म्हणजे तारा आणि स्प्रिंगा यांच्या ताणावर तोललेला, असेल तर एकेक करून. सगळ्या एकदम काढल्या तर मागच्या स्प्रिंगा ब्रिज आत ओढतात आणि मग सेटिंगला तासभर जातो. खुंटीपुढे पाचेक सेंटिमीटर जास्तीची तार ठेवा, म्हणजे दोन-तीन वेढे बसतील, प्रत्येक आधीच्याच्या खाली. मग तार बोटाने उचलून ताणा, सूर लावा, पुन्हा ताणा. सूर उतरायचा थांबेपर्यंत. सूर नेहमी खालून वर चढवा. पीळ देताना ‘टिक’ आवाज आला तर दोष बहुधा खुंटीचा नाही, नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेचा. तिथे पेन्सिलीचं शिसं घासा.

अॅक्टिव्ह पिकअपच्या (तारांची कंपनं पकडणारा, बॅटरीवर चालणारा भाग) गिटारमधून केबल उपसून ठेवा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते.