कॉलेजचा लॅपटॉप घेताना या चुका टाळा: आधी बिजागरी बघा, मग प्रोसेसर

कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या केंद्रीय प्रवेशाचे, राउंड आटोपले की पुण्यातल्या आमच्या छोट्याशा दुरुस्तीच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात. एक, ज्यांना नवा लॅपटॉप घ्यायचाय आणि "कोणता घेऊ?" एवढंच विचारायचंय. दुसरे, ज्यांनी गेल्या वर्षी कुणालाच न विचारता घेतला. दोघांना तेच ते सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

झाकण न हलवता लॅपटॉप घेणं

प्रोसेसर कोणत्या पिढीचा, ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं, हे पोरं तोंडपाठ सांगतात. बिजागरी कशी आहे विचारलं की माझ्याकडे बघत राहतात. माझ्या टेबलावर प्रोसेसर गेलेला लॅपटॉप क्वचित येतो. बिजागरी तुटलेला मात्र दर आठवड्याला असतो.

बिजागरी असते धातूची आणि घट्ट. ती ज्या पितळी नटांवर आवळलेली असते, ते नट स्वस्त लॅपटॉपमध्ये नुसत्या प्लास्टिकात रुतवलेले असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा ताण एकाच बाजूच्या नटांवर. लेक्चर, लायब्ररी, होस्टेल असं दिवसातून दहा-पंधरा वेळा उघडझाक झाली, की एक दिवस प्लास्टिक नटासकट उखडतं.

बार्शीचा एक पोरगा मागच्या हिवाळ्यात आला होता. लॅपटॉप ऑगस्टातला, पण बॅगेतून काढतानाच झाकण तिरकं लोंबत होतं. विचारलं, आवाज कधीपासून येत होता? "दादा, दिवाळीपासून कटकट वाजत होतं, पण चालू होता ना." सबमिशन होतं म्हणून दाखवायला आणला नाही. मग रूममेटने डोकं चालवलं आणि तो दोन थेंबांत चिकटणारा गोंद फटीत सोडला. गोंद ओघळला थेट बिजागरीच्या दांड्यात. रात्रीत बिजागरी दगडासारखी गच्च. सकाळी बार्शीच्या साहेबांनी जोर लावून उघडला तेव्हा झाकणाचा कोपरा, डिस्प्लेची केबल आणि स्क्रीन, तिन्ही एकदम गेलं. दिवाळीत आणला असता तर सातशे-आठशेत नट बसवून दिले असते. बिल झालं साडेनऊ हजार. वॉरंटी होती, पण गोंद पाहून सर्व्हिस सेंटरने हात वर केले, आणि त्यांचं चुकलं असं मलाही म्हणवत नाही.

माझी सवय सांगतो. दुकानात डेमोचा पीस घेतो, झाकण चार-पाच वेळा उघडबंद करतो. मग एका कोपऱ्याला धरून हलकेच उघडतो आणि बिजागरीजवळचं प्लास्टिक बघतो. तिथे फट पडली, पट्टी फुगली, तर प्रोसेसर कितीही भारी असो, माझ्यासाठी तो लॅपटॉप बाद. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबून बघतो, सगळा पत्रा खाली जातो का. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. घालू दे. साठ हजार आपले जाणार असतात.

'मिलिटरी ग्रेड' या स्टिकरवर भाळू नका. एमआयएल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं मानक आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. स्टिकर आहे म्हणून लॅपटॉप जिन्यावरून पडला तरी चालेल, असा अर्थ होत नाही.

पहिल्या वर्षाला गेमिंग लॅपटॉप

"इंजिनिअरिंगला लागतोच" असं पोराने घरी सांगितलेलं असतं. काका बिचारे मान हलवतात. पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंग आणि असाइनमेंट असतात, त्याला सव्वादोन-अडीच किलोचं धूड कशाला? त्याचा चार्जरच विटेएवढा. रोज पीएमपीएमएलच्या बसमधल्या गर्दीत पाठीवर वाहून दुसऱ्या महिन्यात तो होस्टेलवरच राहतो, गादीवर. गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद, पंख्यात कापूस, आणि आतली उष्णता बॅटरीला खाते. ट्रॅकपॅड वर उचलला गेल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीय असं समजा, चार्जर काढा, वापर थांबवा. दाबून खाली बसवायचा प्रयत्न करणारेही पाहिलेत.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरवाल्यांना पुढे ग्राफिक्स कार्ड लागू शकतं, हे मान्य. पण आपल्या कॉलेजच्या सीनियरला विचारा, यूट्यूबवाल्याला नको. आणि सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत, हे मॅक घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

वाढवता न येणारी रॅम

आठ जीबी घेऊ, पुढे वाढवू. छान. पण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असते, ती वाढत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती सोल्डरवाली. अशा वेळी सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. रॅमचा एक स्लॉट मोकळा असेल तर आठवर थांबा, पैसे उरतील ते अपघाती नुकसानीच्या संरक्षणात घाला.

ते का? कारण साध्या वॉरंटीत चहा बसत नाही. चहा सांडणं हा होस्टेलचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि साखरेचा चहा पाण्यापेक्षा वाईट; वाळला तरी चिकट थर बोर्डावर राहतो आणि गंज चढतो. सांडला तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, तंबूसारखा पालथा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. चालू होतो का म्हणून पाच मिनिटांनी बघू नका, तिथेच बोर्ड जळतो. आणि तांदळाच्या डब्यात घालू नका. मी पंख्याच्या पात्यांतून इंद्रायणी तांदूळ काढलेत. भात करायचा असेल तर कुकर आहे.

जुना घेताना

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर मी स्वतः नव्या हलक्या दर्जाच्या लॅपटॉपपेक्षा ऑफिसातून निघालेला लेनोव्होचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड सुचवतो. बिजागऱ्या दणकट, पार्ट मिळतात, चार स्क्रूत उघडतो. पण विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११साठी इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीचा 'स्वस्तात मस्त' घेऊ नका. पैसे देण्याआधी विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवून बघा, आणि बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना, तेही. बायोसचा पासवर्ड निघाला तर विकणाऱ्याला फोन लागत नाही, अनुभव आहे.

बाकी किरकोळ. सी-टाइपवर चार्ज होणारा घ्या. गोल पिनेचा सॉकेट पाय अडकून तुटतो. बॅगेचं पावसाळी कव्हर जून उजाडायच्या आत घ्या. धातूच्या बॉडीवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लॅपटॉप नाही, बहुधा होस्टेलच्या सॉकेटचं अर्थिंग गेलेलं असतं; तीन पिनेच्या चार्जरला दोन पिनेचं कन्व्हर्टर लावलं तरी हेच होतं. आणि बिलावर सीरियल नंबर आहे ना, तो लॅपटॉपखालच्या नंबराशी दुकानातच जुळवा. थर्मल कागदाचं बिल वर्षभरात कोरं होतं, त्यामुळे घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून वडिलांच्या व्हॉट्सॲपवर टाका. पोरांचे मोबाइलही फुटतात.