जुन्या गृहकर्जाचा दर नव्या ग्राहकाइतका कसा करून घ्यावा

एकाच सोसायटीतले दोन कर्जदार घ्या. बँक एकच, पगार आणि सिबिल स्कोअरही जवळपास सारखे. तरीही सात वर्षांपूर्वी कर्ज घेतलेला माणूस यंदा कर्ज घेतलेल्यापेक्षा एक टक्का जास्त व्याज भरत असतो, आणि बहुतेक वेळा त्याला ते माहीतही नसतं. नवा ग्राहक चार ठिकाणी दर विचारून आलेला असतो, म्हणून त्याच्यासाठी दर उतरतो. जुन्याचा हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप वळता होतो. तो काही विचारत नाही, म्हणून त्याचा दर तिथेच राहतो. ब्रिटनमध्ये घर आणि वाहन विम्याच्या नूतनीकरणात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावायला १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. आपल्याकडे गृहकर्जात अशी सरसकट बंदी नाही. पण दर कमी करून घेण्याचे मार्ग आहेत आणि ते वापरले नाहीत तर नुकसान लाखांत होतं.

हे सगळं फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराच्या कर्जाबद्दल आहे. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर करारातल्या अटी आधी वाचा, कारण तिथे कर्ज लवकर फेडण्यावर शुल्क लागू शकतं.

१. कर्ज कशाशी जोडलंय ते शोधा

सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आणि कर्जाचं ताजं स्टेटमेंट काढा. त्यात बेस रेट, एमसीएलआर, रेपो किंवा ईबीएलआर, नाहीतर पीएलआर यांपैकी एक शब्द सापडेल. बेस रेट, एमसीएलआर आणि पीएलआर हे कर्ज देणाऱ्या संस्थेने स्वतः ठरवलेले दर. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, आणि ईबीएलआर म्हणजे अशा बाहेरच्या दराशी जोडलेला कर्जदर. बेस रेट जुलै २०१० पासून आला, एमसीएलआर एप्रिल २०१६ पासून. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी जोडणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. त्याआधी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने बँका आपले अंतर्गत दर मनमानी पद्धतीने ठरवतात, असं नोंदवलं होतं.

म्हणजे २०१९ च्या आधीचं कर्ज आजही एमसीएलआर किंवा बेस रेटवर असेल, तर रेपो उतरल्याचा फायदा तुमच्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोचतो. ते रेपोवर बदलून घेणं हे पहिलं काम. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना रेपोचं बंधन नाही. त्यांचा पीएलआर त्या स्वतः ठरवतात, त्यामुळे तिथे जास्तच लक्ष ठेवावं लागतं.

२. स्प्रेड पाहा

कर्ज आधीच रेपोवर असेल तर खरी गोम स्प्रेडमध्ये असते. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, म्हणजे बँकेने रेपोवर चढवलेले टक्के. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. रेपोवरच्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने ठरवावाच लागतो, म्हणून जुन्या ग्राहकांचाही दर उतरला. पण स्प्रेड करारात ठरलेला असतो. स्पर्धा वाढली की बँक नव्या ग्राहकासाठी स्प्रेड कमी करते, तुमचा मात्र जुनाच राहतो.

स्प्रेडचे दोन भाग असतात. तुमच्या जोखमीपोटीचा भाग तुमच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलतो. बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने हा दुसरा भाग ग्राहकाच्या फायद्यासाठी तीन वर्षांच्या आधीही कमी करायची मुभा दिली आहे. बँकेवर ती सक्ती नाही. पण शाखेत कुणी ‘तीन वर्षं स्प्रेडला हात लावता येत नाही’ असं सांगितलं तर ही तारीख सांगा.

आता त्याच बँकेच्या संकेतस्थळावर नव्या ग्राहकाचा आजचा दर पाहा. जाहिरातीतला ‘पासून सुरू’ हा आकडा धरू नका, तो सर्वांत वरच्या सिबिल स्कोअरसाठी असतो. तुमच्या स्कोअरच्या गटातला दर धरा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कर्ज घेतल्यानंतर तुमचा स्कोअर सुधारला असेल तर जोखमीपोटीचा भाग कमी करा, अशी मागणीही रास्त ठरते.

३. हिशेब मांडा

समजा ३० लाख मुद्दल बाकी आहे, १५ वर्षं उरली आहेत आणि दर ९.२५ टक्के आहे. हप्ता सुमारे ३०,८७६ रुपये येतो. दर ८.२५ झाला तर तो २९,१०४ होईल. महिन्याला १,७७२ रुपये वाचले, म्हणजे १५ वर्षांत जवळजवळ ३ लाख १९ हजार.

पण मी हप्ता कमी करून घेऊ नका असंच सांगेन. दर उतरल्यावर हप्ता तोच ३०,८७६ ठेवला तर कर्ज १८० ऐवजी सुमारे १६१ हप्त्यांत संपतं आणि वाचणारी रक्कम ५ लाख ८८ हजारांच्या आसपास जाते. आज जो हप्ता झेपतोय तो पुढेही झेपणारच आहे. घरात खरोखर ओढाताण असेल तरच हप्ता कमी करा.

४. आधी स्वतःच्याच बँकेकडे लेखी मागणी करा

फोनवर बोलून भागवू नका. ईमेल करा किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. मजकूर साधा असावा: ‘माझ्या गृहकर्ज खात्याचा सध्याचा दर इतका, त्यातला स्प्रेड इतका. माझ्या स्कोअरच्या नव्या ग्राहकाला आपली बँक आज इतक्या दराने कर्ज देते. माझा स्प्रेड त्याप्रमाणे कमी करावा. त्यासाठी शुल्क असल्यास ते जीएसटीसह लेखी कळवावं. हप्ता सध्याचाच ठेवून मुदत कमी करावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही सांगितलं नाही तर दर बदलताना बँक आपल्या सोयीचा पर्याय लावते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर नव्याने ठरताना ग्राहकाला हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय द्यावा लागतो. दर तिमाहीला आतापर्यंत फेडलेलं मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते आणि दर दाखवणारं स्टेटमेंटही द्यावं लागतं. ते येत नसेल तर त्याच अर्जात मागा.

शुल्क कुठे ठरावीक असतं, कुठे बाकी मुद्दलाच्या टक्केवारीत. वरच्या उदाहरणात अर्धा टक्का शुल्क धरलं तर १५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १७,७०० रुपये होतात. महिन्याला वाचणाऱ्या १,७७२ रुपयांत ते दहा महिन्यांत वसूल होतं. इतकी वर्षं बाकी असताना हा सौदा नक्की फायद्याचा. दोन-तीन वर्षंच उरली असतील तर हिशेब पुन्हा करा. बाकी मुद्दल कमी असतं, त्यामुळे फायदाही किरकोळ राहतो.

५. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

दुसऱ्या बँकेकडून कर्ज हस्तांतराचं सँक्शन लेटर घ्या. ते हातात असलं की पहिल्या बँकेचा सूर बऱ्याचदा बदलतो, कारण आता तुम्ही खरंच जाऊ शकता. तुमच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि तारण कागदपत्रांची यादी मागा. ती मागणी गेली की ग्राहक टिकवण्याचं काम करणाऱ्या विभागाचा फोन येण्याची शक्यता असते. त्यांनी दिलेला दरही ईमेलवर मागा.

स्वतःच्या नावावरचं, व्यवसायासाठी नसलेलं फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी दंड लावू शकत नाही. खर्च येतो तो नव्या ठिकाणी: प्रक्रिया शुल्क, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी आणि गहाणखताचं मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ची, म्हणजे घर गहाण ठेवल्याच्या सूचनेची नोंदणीही ३० दिवसांत करावी लागते. सोसायटीचं ना हरकत पत्र मिळायला वेळ लागतो, ते आधीच मागून ठेवा.

नव्या बँकेचा प्रतिनिधी मोठ्या उत्साहाने नव्याने २० वर्षांची मुदत देऊ करेल. तिथे थांबा. त्याच ३० लाखांवर ८.२५ टक्क्यांनी हप्ता २५,५६२ वर येतो, घरात सगळ्यांना बरं वाटतं. पण २० वर्षांत एकूण ६१ लाख ३५ हजार भरावे लागतात. जुन्या, महाग दरात १५ वर्षांचे मिळून ५५ लाख ५८ हजारच भरायचे होते. दर एक टक्का कमी करूनही पावणेसहा लाख जास्त गेले. उरलेल्या वर्षांइतकीच किंवा त्याहून कमी मुदत लिहून घ्या. कर्जासोबत विमा घ्यायचा आग्रह झाला तर त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिसळू देऊ नका.

मागणी रास्त असूनही ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. दर किती असावा हे लोकपाल ठरवून देणार नाही. पण स्टेटमेंट न देणं, पर्याय न विचारता मुदत वाढवणं, फोरक्लोजर लेटर अडवून धरणं याची दाद तिथे मागता येते.

६. कर्ज हलवल्यानंतर

जुन्या बँकेने कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं सोडायला हवीत आणि तारणाची नोंद काढायला हवी. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना हा नियम लागू आहे. मूळ करार, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या मालकांचे करार तुमच्या यादीशी एकेक ताडून पाहूनच पोचपावतीवर सही करा. सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीवरची जुन्या बँकेची नोंद हटली का तेही तपासा, आणि नो ड्यूज सर्टिफिकेटची प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या, म्हणजे तिथला जुना बोजाही निघेल.